मोरीवरचं वळण: ऊस हंगामात एका ग्रामपंचायतीचे तीन हिवाळे

पहाटेचे साडेपाच वाजले असतील. डेअरीला दूध घालून आमच्या वाडीतला एक पोरगा मोटरसायकलवरून परत येत होता. ओढ्यावरच्या मोरीच्या वळणावर उसानं भरलेली डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. ड्रायव्हर पंक्चरवाल्याला आणायला गेला होता. जाताना त्यानं रीतीप्रमाणं चाकाला दोन धोंडे लावले होते आणि मागं दहा पावलांवर बाभळीची एक फांदी टाकली होती. पोरगा फांदीवरून गेला आणि थेट ट्रॉलीच्या मागच्या लोखंडावर आदळला. मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. दुधाच्या किटलीचं झाकण दुपारी आम्हाला शेजारच्या उसाच्या सरीत सापडलं.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो एवढंच बोलला, "दिसलंच न्हाई ओ अण्णा. काळं कायतरी हुतं, आणि मग डायरेक्ट लोखंड."

मी या गावचा ग्रामपंचायत सदस्य. डिसेंबर 2020 च्या निवडणुकीत निवडून आलो. गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातलं, वेदगंगेच्या खोऱ्यातलं. घरी ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, ट्रॉलीही आहे. त्या दिवसापर्यंत माझ्या ट्रॉलीच्या मागंही रेडियमची पट्टी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात दुसऱ्याला शहाणपण शिकवायचा माझा हक्क तेवढाच आहे. त्या अपघातानंतरच्या तीन हंगामांत आमच्या पंचायतीनं रस्त्यासाठी काय केलं, कशाचा उपयोग झाला आणि कुठं आम्ही साफ चुकलो, त्याचं हे टिपण.

रस्ता आणि हंगाम

गावापासून राज्य रस्त्यापर्यंत अडीच किलोमीटरचा एकेरी, एका गाडीपुरता डांबरी रस्ता. मधोमध ओढ्यावर मोरी, मोरीला कठडा नाही, आणि मोरी संपते तिथंच वळण. दोन्ही बाजूंना रस्त्याला खेटून ऊस. जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, दिवाळीनंतर वाळून आकसते, भेगा पडतात आणि साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं खाली बसते. भरलेल्या ट्रॉलीचा ड्रायव्हर मग काही केल्या डांबर सोडत नाही. सोडलं तर ट्रॉली कलंडते, हे त्याला माहीत असतं. पंक्चर झालं तरी तो गाडी रस्त्यावरच उभी करतो. त्याला दुसरीकडं जागाच नसते.

थंड मुलुखात नगरपालिका हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. आमच्याकडं पारा बारा-चौदा अंशांवर आला की लोक शेकोट्या पेटवतात, रस्त्यावर काही गोठत नाही. म्हणून हिवाळ्यात रस्ता धोक्याचा होतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. पावसाळ्याची तयारी सगळे करतात. गटारं काढतात, मोऱ्यांतला गाळ उपसतात. हिवाळ्यासाठी पंचायतीच्या वहीत एक ओळही नव्हती.

खरं तर आमचा सगळ्यात अवघड काळ हाच. नोव्हेंबरात साखर कारखाने पेटतात आणि मार्चपर्यंत चालतात. कारखाना चोवीस तास चालतो, म्हणून वाहतूकही चोवीस तास चालते. सीमेवरचं गाव असल्यामुळं आमच्या रस्त्यानं ऊस दोन्हीकडं जातो, इकडच्या कारखान्यांना आणि कोगनोळी नाक्यापलीकडं महाराष्ट्रात कागलच्या बाजूलाही. त्याच दिवसांत अंधार लवकर पडतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जानेवारीत सात वाजून गेले तरी उगवत नाही. नदीच्या अंगानं पहाटे धुकं चढतं आणि उसाच्या दोन भिंतींमध्ये ते आठ-साडेआठपर्यंत अडकून राहतं. वर जत्रा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, माघात चिंचलीची मायाक्का. भाविक बैलगाड्यांनी आणि पायी, रात्रीचे चालत जातात. ट्रॅक्टर, बैलगाडी, दूधवाला, कॉलेजची पहिली बस धरायला निघालेली मुलं, उघड्या चपलेनं चाललेली ऊसतोड टोळी, सगळे एकाच एकेरी रस्त्यावर, अंधारात.

कुणाचा रस्ता?

अपघातानंतरच्या ग्रामसभेत पहिला तास यातच गेला. गावठाणातल्या गल्ल्या आणि तिथले दिवे पंचायतीचे. 1993 च्या कर्नाटक पंचायत राज कायद्यानं ते काम आमच्याकडं दिलेलं आहे. पण हा अडीच किलोमीटरचा तुकडा जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी विभागाकडं, पुढचा राज्य रस्ता सार्वजनिक बांधकामकडं, ट्रॉलीला दिवा आहे की नाही हे आरटीओकडं, आणि ऊस कुणाचा कधी तुटणार हे कारखान्याच्या शेती खात्याकडं. ट्रॉल्या काही केए-23 च्या, काही एमएच-09 च्या, काहींना नंबरच नाही.

पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. उरलेल्या 40 टक्क्यांवर सगळ्या वॉर्डांचे डोळे. मोरीला कठडा बांधायचा म्हटलं तर रस्ताच आमचा नाही, म्हणून क्रियायोजनेत, म्हणजे पंचायतीच्या कामांच्या आराखड्यात, घालता येईना. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) मॅडमनी ठराव कन्नडमध्ये नीट लिहून वर पाठवला, अंदाजपत्रक मागितलं. तो कागद गेला.

मग एक म्हातारे मामा उठले. म्हणाले, "रस्ता कुणाचा ते ठरूस्तवर अजून दोघं जातील. फांदी तर आमची हाय न्हवं? धोंडे तर आमचे हायत?" कामाला सुरुवात झाली ती या बोलण्यापासून. डांबर आमचं नव्हतं, पण डांबरावर उभी राहणारी ट्रॉली, रस्त्यावर येणारा चिखल, कडेला लावलेली आग आणि झाडं ही सगळी आमच्याच माणसांची होती.

पहिला हिवाळा, पहिली चूक

लोकांची पहिली मागणी अर्थात स्पीडब्रेकरची. कुठंही अपघात झाला की आपल्याकडं पहिल्यांदा हेच सुचतं, आणि मीही त्यात होतो. चार पोरांनी वर्गणी काढली आणि एका रात्रीत काँक्रीटचा गतिरोधक टाकला. हातभर रुंद, वीतभर उंच, ना पट्टे, ना बोर्ड.

इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे. उंची 10 सेंटिमीटर, वाहन जायच्या दिशेनं रुंदी 3.7 मीटर, म्हणजे चढ-उतार लांबट आणि गोलसर. शिवाय 40 मीटर आधी इशाऱ्याचा फलक. आम्ही बांधली ती भिंत होती. पंधरा दिवसांत तिनं आपलं काम दाखवलं. नवऱ्याच्या मागं बसलेली एक बाई अंधारात उसळून पडली, मनगट मोडलं. भरलेल्या ट्रॉल्या त्यावरून हिसका खात जायच्या, मोळ्या रस्त्यावर पडायच्या आणि मागून येणारा त्यावर घसरायचा. शेवटी आम्हीच जेसीबी लावून तो काढला. वर्गणी देणाऱ्या पोरांना वाईट वाटलं, पण काढताना तीच पोरं पुढं होती.

तालुक्यावरून आलेल्या एका तरुण अभियंत्यानं तेव्हा मोरीवर उभं राहून आम्हाला एक साधा हिशोब सांगितला. मोटरसायकल ताशी 50 च्या वेगात असली तर एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरा, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच 28 मीटर संपले. डिपरवर, धुक्यात, काळी ट्रॉली दिसते ती पंचवीस-तीस मीटरवर. समोरून दुसरी गाडी आली आणि डोळे दिपले तर तेवढीही दिसत नाही. "पोरगा जोरात होता म्हणून आदळला असं म्हणू नका," तो म्हणाला. "तो आदळणारच होता." मला वाटतं, सभेपुढं हे मांडलं तेव्हा गावाचा सूर बदलला. तोवर अर्धं गाव पोरालाच दोष देत होतं.

दिसलं पाहिजे

आम्ही ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियम नसतं. त्या पट्टीत बारीक काचमणी किंवा लोलक असतात आणि ते उजेड जिकडून येतो तिकडंच परत धाडतात. म्हणून लांबच्या दिव्यातही ती पेटल्यासारखी दिसते. गाडीच्या पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, असा नेम. पट्टी महाग नाही, एका ट्रॉलीला लागेल तेवढी एका खेपेच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडते.

पहिल्या हंगामाच्या उरलेल्या दिवसांत घरफाळ्याच्या पैशातून पंचायतीनं पट्ट्या आणल्या आणि गावातल्या ट्रॉल्यांना लावल्या. सुरुवात माझ्या ट्रॉलीपासून. फोटो निघाले, सगळ्यांना बरं वाटलं. आठवड्यानं मी रात्री मोरीवर जाऊन उभा राहिलो तर एकही पट्टी चमकेना. कारण जवळ जाऊन बघितल्यावर कळलं. ट्रॉली भरली की उसाची वाढी, म्हणजे शेंड्याची पानं, मागून हात-दीड हात खाली लोंबतात. पट्टी त्याखाली झाकलेली. जिथं झाकली नव्हती तिथं फडातल्या चिखलाचा थर. बोटानं एक रेघ ओढली तर तेवढीच लाल रेघ विजेरीत चमकली. बाकी सगळी पट्टी जिथल्या तिथं, आंधळी.

दुसऱ्या हंगामाला मग आम्ही पद्धत बदलली. जाड ताडपत्रीचा दीड हात रुंद तुकडा, त्यावर आडव्या लाल पट्ट्या शिवलेल्या, वर अडकवायला दोन आकडे. आम्ही त्याला पडदा म्हणतो. ट्रॉली भरून झाल्यावर हा पडदा उसाच्याच मोळीला मागून अडकवायचा, म्हणजे झाकायला काही राहत नाही. उतरवताना काढायचा, ओल्या फडक्यानं पुसून सीटखाली ठेवायचा. गावातल्या शिलाई करणाऱ्या बायकांनी ते शिवले. सोबत प्रत्येक ट्रॅक्टरला एक त्रिकोण, गाडी बंद पडली तर बाभळीच्या फांदीऐवजी मागं ठेवायला. आणि ठेवायचा तो दहा पावलांवर नव्हे, शंभर पावलांवर. वळण असेल तर वळणाच्या अलीकडं.

चिठ्ठी

वस्तू झाली, पण लावणार कोण? ड्रायव्हर बहुतेक बाहेरचे. कुणी रायबागकडचा, कुणी बीडचा. त्याला खेपा मोजून पैसे मिळतात. पंचायतीचा ठराव त्याला काय सांगणार? पोलिसांनी एक-दोन रात्री गाड्या थांबवल्या, तेवढ्यापुरता फरक पडला.

उत्तर निघालं ते चिठ्ठीतून. ऊस भरून झाला की कारखान्याचा स्लिप बॉय फडावर चिठ्ठी फाडतो. शेतकऱ्याचं नाव, प्लॉट, गाडी नंबर. ती चिठ्ठी नसली तर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी घेत नाहीत. म्हणजे या रस्त्यावर एकही भरलेली गाडी चिठ्ठीशिवाय जात नाही. आम्ही दोन्ही राज्यांतल्या, आमच्या भागातला ऊस नेणाऱ्या कारखान्यांच्या शेती खात्यांना पत्रं दिली, इकडं कन्नडमध्ये आणि तिकडं मराठीत. विनंती एकच: मागं पडदा लावलेला दिसल्यावरच चिठ्ठी द्या. एका ठिकाणी लगेच मान्य झालं. दुसरीकडं पत्र टेबलावर बरेच दिवस पडून राहिलं. पण गावातले स्लिप बॉय आमच्याच घरांतली पोरं. त्यांनी वरून हुकूम यायची वाट बघितली नाही.

कायद्यानं आम्हाला असा अधिकार नाही, हे मी लपवत नाही. म्हणून ग्रामसभेत ठरवताना शब्द असे ठेवले, की ज्याचा ऊस त्यानं फडावरून गाडी हलायच्या आधी पडदा बघायचा. ऊस तुटायला टोळी मिळेना म्हणून टोळीच्या मुकादमाच्या हातापाया पडणारा शेतकरी हा आग्रह धरेल का, अशी मला शंका होती. धरला. सगळ्यांनी नाही, पण बहुतेकांनी. पोराच्या बापाचा प्लॉट तुटला त्या दिवशी तो स्वतः संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिला आणि एकेका गाडीचा पडदा हातानं ओढून बघत होता.

फलकांचंही इथंच शिकलो. पहिला बोर्ड आम्ही मजकुराचा लावला होता. रायबागच्या ड्रायव्हरला मराठी वाचता येत नाही, बीडच्याला कन्नड येत नाही, आणि पहाटे चारला कुणी वाचतही नाही. मोरीच्या आधी आता वळणाच्या बाणाचं चित्र आहे, अक्षर एकही नाही.

चिखल, पाणी, धूर

हे तीन शत्रू साधे वाटतात, पण आमच्या नोंदीत पडझडीच्या निम्म्या तक्रारी याच. पाणी दिलेल्या प्लॉटातून ट्रॅक्टर बाहेर येतो तेव्हा चाकाला धरलेली काळी माती रस्त्यावर पन्नास-साठ मीटर टाकत जातो. दिवसा ती वाळते, पण पहाटे दव पडलं की लोण्यासारखी होते. थ्री फेज वीज रात्री आली तर माणूस मोटर चालू करून झोपतो आणि भरलेली सरी फुटून रस्त्यावर येते. तिसरा धूर. ऊस गेल्यावर पाचट, म्हणजे मागं राहिलेला वाळका पाला, पेटवायचं ते संध्याकाळी, वारा पडल्यावर. थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलगत बसतो, आणि पहाटेच्या धुक्यात मिसळला की स्वतःचा हात दिसत नाही.

यावर पंचायतीनं जे केलं ते फार मोठं नाही. प्लॉटाच्या तोंडाला रस्त्याला लागून दोन ट्रॉली मुरूम टाकायचा, म्हणजे चाकाची माती तिथंच झडते. मुरूम पंचायतीनं दिला, पसरायचं काम ज्याचं त्यानं. ज्याचा ऊस तुटला त्यानं दिवस मावळायच्या आत खोऱ्यानं रस्ता खरडायचा. रस्त्याला लागून असलेलं पाचट पेटवायचंच नाही, कुट्टी करून जमिनीत गाडायचं. हे शेवटचं सगळ्यांना पटलं असं नाही. कुट्टीच्या यंत्राचं भाडं लहान शेतकऱ्याला जड जातं, आणि उंदीर-साप होतात अशी तक्रार असते. तडजोड म्हणून पेटवणाऱ्यानं दुपारी, वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं आणि विझेपर्यंत जागा सोडायची नाही. पाण्यासाठी आमचा वॉटरमन पहाटे पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला जातो तेव्हाच रस्त्यावरून एक फेरी मारतो आणि कुणाची सरी फुटली ते फोन करून सांगतो. या एका फेरीचं मोल मला फार वाटतं.

झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे ही जुनीच रीत. बांधकाम खात्याच्या मोठ्या रस्त्यांवर पूर्वीपासून चिंच-वडांना ते असायचे. आम्ही कंबरेच्या उंचीला पट्टे ओढले, मोरीच्या दोन्ही टोकांना दगड रोवून त्यांना चुना दिला. धुक्यात रस्ता कुठं वळतो ते आता झाडं सांगतात. सौरदिवाही बसवला होता. दुसऱ्या वर्षी त्याची बॅटरी बसली आणि बदलायला पैसे नव्हते. चुन्याला बॅटरी लागत नाही.

जे आम्हाला उशिरा दिसलं

दोन हंगाम आम्ही ट्रॅक्टरमागं लागलो आणि बैलगाड्या, पायी चालणारी माणसं विसरलो. तोडीची टोळी पहाटे चारला झोपड्यांतून निघते. बाप्ये पुढं, बाया डोक्यावर भाकरीचं गठुळं घेऊन, लेकरं पदराला धरून. अंगावर काळपट शाली. त्यांच्यासाठी तिसऱ्या हंगामात आम्ही पट्ट्या घेऊन पालावर गेलो. लाकडी गाडीच्या मागच्या फळीवर पट्टी चिकटत नाही, दवानं सुटते, म्हणून चुका मारून बसवल्या. एका गाडीवानानं बैलांच्या शिंगांनाही गुंडाळायला लावल्या आणि समोरून येणाऱ्याला ती शिंगं लांबूनच दिसू लागली. तेव्हा एक बाई पुढं आली, उरलेली वीतभर पट्टी मागून घेतली आणि आपल्या लेकराच्या टोपीला आडवे टाके घालून शिवू लागली. दुसऱ्या दिवशी पालावरच्या बहुतेक लेकरांच्या टोप्यांना पट्ट्या होत्या. हे आम्हाला पहिल्या वर्षीच सुचायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट. त्या पहाटे पोरगा पडल्यावर दोन गाड्या थांबल्या, पण हात कुणी लावला नाही. पोलिसांचं झेंगट नको म्हणून. ग्रामसभेत आता दर वर्षी सांगतो. जखमीला उचलणाऱ्याला साक्षीसाठी अडवून ठेवता येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम त्यासाठीच आलं, आणि कर्नाटकानं तर त्याआधीच स्वतःचा कायदा केला होता. 108 ला फोन करा, मान न वाकवता उचला. वळणावर गेल्या हंगामात एक सायकलवाला पडला तेव्हा चौघं धावले.

सध्या

पडदे लावायचं प्रमाण हंगामाच्या सुरुवातीला चांगलं असतं, फेब्रुवारीत ढिलं पडतं. कारखाना बंद व्हायच्या आत ऊस जावा म्हणून सगळ्यांची घाई चालते आणि तेव्हा चिठ्ठी पडद्याशिवायही फाटते. गेल्या फेब्रुवारीत मी एका रात्री तशा तीन गाड्या बघितल्या. एक माझ्या चुलत भावाच्या उसाची होती.

आता दसऱ्याच्या आधीच्या ग्रामसभेत हिवाळ्याच्या रस्त्याचा विषय कायमचा घातलाय. चुन्याची पोती, मुरूम, नवे पडदे, दोन्हीकडच्या कारखान्यांना पत्रं. पडदे आता पोराची आई शिवते, आणि तो स्वतः काठी टेकत डेअरीवर हिशोब लिहायला बसतो. मोरीच्या कठड्याचं अंदाजपत्रक वरून एकदा दुरुस्तीला परत आलं, परत गेलं, अजून मंजुरी नाही. या वर्षी दगडांना चुन्याचे दोन हात दिलेत.